विदरकूम रेल्वे आणि टॉवेलांचा खोका

“ह्यात माझं नाव नाही,” विभा म्हणाली.

तिच्या हातात तीन पानं होती. ओसाकातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं पसरलेलं असायचं. त्या ढिगातून तिने ही पानं उचलली होती. वर ठळक अक्षरात ‘ऋणनिर्देश’ होतं आणि खाली चाळीस नावं होती.

“कशात नाही?” नंदकिशोरने विचारलं. तो भिंग लावून एका नकाशावर ओणवा झाला होता.

“तुमच्या पुस्तकात. पुण्याच्या रद्दीवाल्याचं नाव आहे. इंग्लंडातल्या कुठल्याशा पोस्टमनचं आहे. आणि हे सोळावे कोण?”

“ते विदरकूमच्या चर्चचे माळी. त्यांच्या मावशीने ती रेल्वे प्रत्यक्ष बघितली होती.”

“माळ्याच्या मावशीचेसुद्धा आभार. आणि मी?”

“अगं, घरच्यांचे आभार मानायची पद्धत नसते आपल्यात,” नंदकिशोर भिंग न हलवता म्हणाला. “फार परक्यासारखं वाटतं ते.”

ही पद्धत ज्या कोण्या महाभागाने पाडली असेल, त्याला एकदा विभासमोर उभं करायला हवं होतं. तो मिळण्यासारखा नव्हता, म्हणून तिने ती पानं होती तिथे ठेवली आणि कुकर लावला.

विदरकूम लाइट रेल्वे म्हणजे काय, हे आता विदरकूममध्येही कोणी सांगू शकणार नाही. इंग्लंडच्या एका कोपऱ्यात साडेसात मैलांचा एकेरी रूळ, चार स्टेशनं आणि एक इंजिन, एवढाच तिचा संसार. १९०४ साली सुरू झाली, १९३१ साली बंद पडली. मधल्या काळात तिने दूध वाहिलं, मेंढ्या वाहिल्या आणि अधूनमधून माणसं वाहिली. माणसं बहुधा जाताना गाडीने जायची आणि येताना चालत यायची, कारण चालत लवकर पोचता यायचं. ह्या रेल्वेचं एक वेळापत्रक १९८५ साली पुण्यातल्या एका रद्दीच्या दुकानात नंदकिशोर खांबेटेच्या हाती लागलं. एखाद्याने त्यात वडे बांधून घेतले असते. ह्याने तिचा इतिहास लिहायला घेतला.

त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत दोनशेबारा पत्रं इंग्लंडला गेली आणि पहिल्या प्रकरणाची तीन पानं झाली. तीन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर कंपनीने त्याला ओसाकाला पाठवलं, तेव्हा विभाने सहकारी बँकेतली चांगली नोकरी सोडली. दोन बॅगांपैकी एक विदरकूमची भरली, म्हणून तिचा खलबत्ता पुण्यातच राहिला. तीन वर्षांत तिने नारा बघितलं नव्हतं. नारा हे जुन्या देवळांचं गाव ओसाकाहून गाडीने पाऊण तासावर आहे. पण रविवारी नंदकिशोर विदरकूममध्ये असायचा.

प्रकरण अडलं होतं ते धुराड्यापाशी. इंजिनाचं धुराडं सरळ होतं की वर रुंद होत गेलेलं, ह्यावर दोन म्हाताऱ्यांची दोन मतं होती, आणि इंजिनाचा एकही फोटो जगात कुठे सापडत नव्हता. इंग्लंडातल्या एका हौशी मासिकाच्या संपादकाने स्पष्ट कळवलं होतं: इंजिनाचा फोटो मिळवा, तुमचा इतिहास आम्ही तुमच्या नावाने पुस्तक करून छापू. ते पत्र नंदकिशोरने प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं होतं. लग्नाचा अल्बम मात्र पुण्यात माळ्यावर होता.

हा फोटो सापडला विभाला, आणि तोही कचऱ्यात.

त्यांच्या इमारतीत गुरुवारी जुने कागद टाकायचे असत. तेसुद्धा असे तसे नाहीत. गठ्ठा करून, आडवी-उभी सुतळी बांधून. गठ्ठे नीट बांधलेत की नाहीत हे बघायला दुसऱ्या मजल्यावरचे मोरिमोतो-सान हातमोजे घालून उभे राहत. सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मभर एका खासगी रेल्वेत नोकरी केलेली. विभा जपानी शिकली ती त्यांच्याकडूनच, कचरा वेगळा करता करता. एका गुरुवारी तिच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर नंदकिशोरने चुकीचा म्हणून टाकून दिलेला नकाशा होता. मोरिमोतो-सान तो बघतच राहिले.

“ओकुसान,” ते म्हणाले. विभाला ते अशीच हाक मारत, म्हणजे बाईसाहेब. “हे विदरकूम तुमच्याकडे कसं?”

त्यांच्या वडिलांना तरुणपणी त्यांच्या कंपनीने रेल्वे शिकायला इंग्लंडला पाठवलं होतं. ते विदरकूममध्ये सहा महिने राहिले होते. हातात कॅमेरा होता आणि रविवारी दुसरा उद्योग नव्हता. छत्तीस फोटो होते, इंजिनासकट. अल्बम वाकायामाला थोरल्या बहिणीच्या घरी होता.

विभा गठ्ठा तिथेच टाकून जिने चढत वर आली. लिफ्टची वाट बघण्याएवढा दम तिला नव्हता. “अहो, सापडलं तुमचं इंजिन!” तिने दारातूनच सांगितलं.

तिने सगळं सांगितलं, तेव्हा नंदकिशोरने भिंग खाली ठेवलं. मग तो म्हणाला, “तू त्यांना मागितलास का अल्बम?”

“सरळ मागितला. ते आणून देतो म्हणाले.”

“झालं! घातलास गोंधळ. अगं, जपानी माणसाकडे असं थेट मागायचं नसतं. आता गप्प बसायचं आणि त्यांच्या कलाने घ्यायचं. आठवड्याला थोडे लाडू देत जा त्यांना.”

त्याच दिवशी ऋणनिर्देशात एक्केचाळिसावं नाव आलं: मोरिमोतो. त्याच्याखाली भरपूर जागा होती. ती कोरीच राहिली.

विभाने बेसन भाजलं. जून गेला, ऑगस्ट गेला, नोव्हेंबर आला. मोरिमोतो-सान लाडू घेऊन वाकून आभार मानायचे, विभा वाकायची, आणि नंदकिशोर रोज रात्री विचारायचा, “काही बोलले?” बहीण आजारी होती. मग पाऊस होता. मग खोलीची किल्ली सापडत नव्हती. “म्हातारा माजलाय,” नंदकिशोर म्हणाला. “लाडवांची चटक लागलीय त्याला.”

आणि डिसेंबर उजाडला. डिसेंबरात जपानमध्ये वर्षअखेरीच्या भेटी द्यायच्या असतात. वर्षभरात ज्याचे उपकार झाले त्याला मोठ्या दुकानाच्या छापील कागदात बांधलेलं खोकं द्यायचं. त्यात तेल असतं, साबण असतो, टॉवेल असतात. बघता बघता खांबेट्यांच्या कपाटात पाच खोकी जमली. विभाने एकही उघडलं नाही. ती पुण्याची होती. पुण्यात तिने नणंदेला दिलेला निळा ब्लाऊजपीस चार वर्षांनी तिच्याच ओटीत परत आला होता, घडीसुद्धा न मोडता. आलेली वस्तू उघडायची नसते, ठेवायची असते, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

सहावं खोकं मोरिमोतो-सान स्वतः घेऊन आले. दाराबाहेरच उभे राहिले, दोन्ही हातांनी पुढे केलं, खूप वाकले आणि म्हणाले, “फार उशीर झाला. अगदी क्षुल्लक वस्तू आहे.” आणि विभाने आत बोलवायच्या आत जिना उतरून गेले.

जपानमध्ये सोन्याचा हार दिला तरी क्षुल्लक वस्तू आहे असंच म्हणतात. विभाला ते ठाऊक होतं. पण कागद मोठ्या दुकानाचा होता, वर नावाची पट्टी चिकटवलेली होती, आणि खोकं चपटं, जड आणि कडेने मऊ लागत होतं. टॉवेल, ती मनात म्हणाली आणि खोकं कपाटात गेलं.

तुमच्यापासून कशाला लपवायचं, त्यात टॉवेल नव्हते. म्हाताऱ्या जपानी माणसांच्या घरी वापरलेला चांगला कागद कधी फेकला जात नाही. मोरिमोतो-साननी वडिलांचा अल्बम आधी एका सुती कापडात गुंडाळला होता आणि मग जपून ठेवलेल्या कागदात बांधला होता.

दोन दिवसांनी सकाळी मोजे चढवता चढवता नंदकिशोरला आठवलं. “अगं, आज कुरोदा-सानना काहीतरी न्यायला हवं! मार्चमध्ये माझा करार संपतोय, त्यावर त्यांचा शिक्का लागतो. कपाटात आहे का काही?”

कुरोदा-सान म्हणजे त्याचे साहेब. त्यांच्या टेबलावर आगगाड्यांची सात छोटी मॉडेलं होती. तीन वर्षं ते नंदकिशोरला दर महिन्याला विचारत, “खांबेटे-सान, तुम्हाला रेल्वेची आवड आहे का?” आणि तीन वर्षं नंदकिशोर तोंड वाकडं करून सांगत आला होता, “मला? अजिबात नाही.” रेल्वेवेड्या माणसाला विदरकूम दाखवायचं म्हणजे मांजरापुढे दुधाचं पातेलं उघडं ठेवायचं, असं त्याचं मत होतं. त्याने ऑफिसात कोणालाही एका अक्षराने कळू दिलं नव्हतं.

“सहा आहेत,” विभा म्हणाली. “कुठलं देऊ?”

“ते जड दिसतंय ते.”

“ते मोरिमोतो-साननी दिलंय. एकदा उघडून बघू का?”

“काय बघायचंय त्यात? टॉवेल असणार. अल्बम द्यायचा सोडून टॉवेल देतो म्हातारा! आणि उघडलंस तर पुन्हा असं बांधता येणार आहे का तुला?”

विभाने नावाची पट्टी वाफेवर धरून अलगद काढली. ह्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवी पट्टी लावली, त्यावर खांबेटे असं लिहिलं आणि अकरा वर्षांची तपश्चर्या पिशवीत घालून नंदकिशोर आठ-बाराची गाडी पकडायला धावला.

तिसऱ्या दिवशी कुरोदा-साननी त्याला ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये गाठलं. ऑफिसात इंग्रजीत बोलायची पद्धत होती, पण साहेबांना त्या दिवशी इंग्रजी शब्द सापडत नव्हते.

“खांबेटे-सान, तुम्ही दिलेली वस्तू... मला काय बोलावं कळत नाही. रात्रभर झोप नाही.”

जपानी माणूस टॉवेलाचेही असे आभार मानतो, ह्याचं नंदकिशोरला कौतुक वाटलं. “छे छे, त्यात काय! क्षुल्लक वस्तू आहे. आम्ही घरी रोज वापरतो.”

“रोज?”

“रोज म्हणजे काय, दिवसातून दहा वेळा. ओल्या हातांनी.”

“ओल्या हातांनी?” कुरोदा-साननी भिंतीला हात टेकला.

“घरात ढीग पडलाय हो. ह्या वस्तू कपाटात ठेवून काय करायच्या? सढळ हाताने वापरा.”

“म्हणजे मी त्याचा उपयोग केला, तर तुमची हरकत नाही? सगळ्याचा? आणि परत...”

“परत?” नंदकिशोर मनापासून हसला. “अहो, वापरलेलं आम्ही परत कसलं घेतो! आता ते तुमचं. पूर्ण तुमचं.”

कुरोदा-सान वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. मार्चमध्ये करार दोन वर्षांनी वाढला. नंदकिशोर घरी म्हणाला, “बघितलंस? वेळच्या वेळी टॉवेल दिले की कामं होतात.”

एवढं सगळं बरं चाललं होतं. फक्त मोरिमोतो-सान काही बोलत नव्हते. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. आता म्हातारा भेटला की नंदकिशोर मान वळवायचा, आणि म्हाताऱ्याचा चेहरा उतरायचा. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी, गठ्ठ्याची सुतळी तपासता तपासता, मोरिमोतो-सान विभाला हळूच म्हणाले, “ओकुसान, विचारू नये, पण चार महिने झाले. खांबेटे-सानना तो आवडला नाही का? सतराव्या पानावर इंजिन आहे. वडिलांनी त्यासाठी पाच तास पावसात उभं राहून वाट बघितली होती.”

विभाला ते चपटं, जड खोकं आठवलं. खूप आवडला, रात्रंदिवस तेच चाललंय, असं ती काहीतरी बोलली आणि वर आली.

नंदकिशोरला सांगायला तिला एक वाक्य लागलं. ऐकल्यावर तो खुर्चीत बसला, उठला, कपाट उघडलं, बंद केलं आणि पुन्हा बसला.

“तू दिलास,” तो म्हणाला. “तू! माझी अकरा वर्षं! उघडून बघायची अक्कल नाही?”

“उघडू का म्हणून मी विचारलं होतं.”

“विचारत काय बसलीस? उघडायचं! दिवसभर घरात रिकामी तर असतेस!”

विभाने ते वाक्य लक्षात ठेवलं. मग म्हणाली, “जा आणि कुरोदा-सानना खरं सांगा. माणूस चांगला आहे.”

दुसऱ्या दिवशी नंदकिशोर मनाचा हिय्या करून साहेबांच्या टेबलापाशी गेला. तोंड उघडायच्या आत कुरोदा-साननी त्याला बसवलं. त्यांनी एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा दहा दिवसांची सलग रजा काढली होती. मे महिन्यात ते विदरकूमला चालले होते.

“तुमच्यामुळे, खांबेटे-सान,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “ज्याला रेल्वेची काडीची आवड नाही, त्याने माझी आवड ओळखून असं काही शोधून आणावं! बायकोला रोज सांगतो मी.”

काय बोलणार? तीन वर्षं आवड नाही म्हणून सांगितलेलं. वापरलेलं परत घेत नाही म्हणून सांगितलेलं. ओल्या हातांनी म्हणून सांगितलेलं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. “ते सगळं माझ्या बायकोचं, विभाचं काम,” असं नंदकिशोर दात खात पुटपुटला, “प्रवासाला शुभेच्छा” म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

त्यानंतरचे सात महिने त्या घरात फार वाईट गेले. नंदकिशोर विभाशी कामापुरतं बोलायचा, तेही मीठ आणि किल्ली ह्यांच्याबद्दल. मोरिमोतो-सान दिसले की तोच हसून सांगायचा, “काम चालू आहे, पुस्तक लवकरच.” मोरिमोतो-सान म्हणायचे, “माझी वाट बघायची तयारी आहे. वडिलांचं नाव छापलेलं बघितलं की झालं.” हे ऐकून येऊन तो पुन्हा विभावर डाफरायचा. विभाने एका रविवारी डबा भरला आणि एकटीच नाराला जाऊन आली. तो घरी होता, तरी ती कुठे गेली होती हे त्याने विचारलं नाही.

नोव्हेंबरात कुरोदा-सान स्वतः घरी आले. दाराशी बूट काढायच्याही आधी त्यांनी मोठ्या दुकानाच्या कागदात बांधलेलं एक खोकं दोन्ही हातांनी विभाच्या पुढे केलं. “अगदी क्षुल्लक वस्तू आहे,” ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

ह्या वेळी खोकं कपाटात गेलं नाही. नंदकिशोरने ते दातांनी उघडलं.

आत चौसष्ट पानांचं पुस्तक होतं. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला जपानी. विदरकूम लाइट रेल्वे, लेखक कुरोदा. इंग्लंडच्या त्याच मासिकाने छापलेलं. माणसाने दहा दिवसांत इंजिन ड्रायव्हरची मुलगी शोधून काढली होती, चारही स्टेशनांच्या जागी चालत गेला होता आणि सहा महिन्यांत लिहून मोकळा झाला होता. मुखपृष्ठावर इंजिन होतं. धुराडं सरळ होतं.

“सरळ,” नंदकिशोर म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मी तीन पानं रुंद म्हणून लिहिली होती.”

विभाने पुस्तक त्याच्या हातातून घेतलं. फोटोंच्या खाली ‘छायाचित्रकार अज्ञात’ असं छापलेलं होतं. तिने पहिलं पान उलटलं. ऋणनिर्देश दोन ओळींचा होता. हे पुस्तक एका व्यक्तीमुळे झालं, ओसाकाच्या श्रीमती विभा खांबेटे. त्यांच्या औदार्याला तोड नाही.

तिने ते दोनदा वाचलं. मग पुन्हा एकदा, मोठ्याने.

“औदार्य!” नंदकिशोर किंचाळला. “टॉवेल समजून दिलास तू! तुझा काय संबंध? आणि मी? माझं एक अक्षर नाही! अकरा वर्षं, दोनशेबारा पत्रं...”

“थांबा,” विभा म्हणाली. “मोरिमोतो-सान खाली रोज वाट बघतायत.”

तिने फोन उचलला आणि कुरोदा-सानच्या घरी लावला. ते दोनच गल्ल्या पलीकडे राहत, नुकतेच पोचत होते. तिने जपानीत सगळं नीट सांगितलं: फोटो कोणाच्या वडिलांचे, ते कोण होते, किती पावसात उभे राहिले होते. पलीकडून बराच वेळ नुसते ‘हो, हो’ ऐकू येत होते. मग कुरोदा-सान म्हणाले की हा फार मोठा अपराध झाला, ते उद्याच मोरिमोतो-सानच्या दारी येऊन माफी मागतील, आणि दुसरी आवृत्ती जानेवारीत निघतेय, तिच्यात नाव पहिल्या पानावर येईल.

“ओकुसान,” त्यांनी विचारलं, “अजून कोणाचे आभार राहिलेत का? संकोच करू नका. एखादी ओळ सहज वाढवता येईल.”

जपानी जेमतेम कळत असूनही एवढं नंदकिशोरला कळलं. तो फोनपाशी येऊन उभा राहिला. लहान मुलाने प्रसादासाठी हात पुढे करावा तसा त्याने चेहरा पुढे केला होता. त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि ओठांनी, आवाज न करता, स्वतःचं नाव उच्चारलं.

विभाने त्याच्याकडे पूर्ण बघून घेतलं. टेबलावर ती जुनी तीन पानं अजून होती, एक्केचाळीस नावांची.

“नाही,” ती फोनमध्ये म्हणाली. “बाकी सगळं बरोबर आहे. एकच माणूस उरतो, पण तो घरचा आहे. घरच्यांचे आभार मानायची पद्धत नसते आमच्यात.”

तिने फोन ठेवला, पुस्तक पदराने पुसून पिशवीत घातलं आणि मोरिमोतो-सानना दाखवायला दुसऱ्या मजल्यावर गेली.